सभा गाजवणारा सभागृह गाजवेलच असं नाही

कोकणात प्रचाराचा नारळ फुटतो तो ग्रामदेवतेच्या देवळात. गाऱ्हाणं घातलं जातं, 'बा म्हाराजा…' आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ देतात. मैदानी भाषण साधारण याच साच्याचं असतं. लोकांच्या मनात आधीच असलेलं ठासून सांगायचं आणि समोरून होकार घ्यायचा. ही कला मोठीच आहे, टिंगल करण्यासारखी नाही. पण असा होकार मिळवणारा गडी विधानसभेतही सरकारला घाम फोडेल, असं आपण धरून चालतो आणि तिथे फसतो.

पर्ससीनचाच विषय घ्या, म्हणजे यांत्रिक बोटींतून मोठी जाळी टाकून होणाऱ्या मासेमारीचा. मालवणच्या किनाऱ्यावर रापणकारांपुढे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांपुढे, नेता गरजतो, 'आमच्या दर्यावर दरोडा घालणाऱ्यांना एक दिवस टिकू देणार नाही!' टाळ्या, शिट्ट्या. हेच वाक्य सभागृहात टाकलं तर मंत्री 'उचित कार्यवाही करण्यात येईल' म्हणतात आणि खाली बसतात. तिथे विचारावं लागतं ते असं: जिल्ह्यात गस्ती नौका किती, त्यातल्या चालू किती? सागरी मासेमारी नियमनाच्या १९८१ च्या कायद्याखाली या हंगामात किती नौकांवर कारवाई झाली? २०२१ साली दंड वाढवला, त्यातला वसूल किती झाला? अशा प्रश्नाला टाळी पडत नाही. पण खात्याला आकडे गोळा करावे लागतात, उत्तर कामकाजात नोंदलं जातं आणि ते उत्तर हातात धरून पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी सूचना लावता येते, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याकडून निवेदन मागता येतं. मंत्र्याला पळवाट राहू नये अशी वाक्यं बांधणं, हे इथलं वक्तृत्व.

दोन्हींचे थोर नमुने रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मले, दहा वर्षांच्या अंतराने. टिळक १८५६ साली रत्नागिरीत, गोखले १८६६ साली गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला. टिळकांनी १९१६ साली बेळगाव आणि नगरला स्वराज्यावर मराठीत भाषणं केली. सरकारने त्यात राजद्रोह शोधला आणि चांगल्या वर्तनाची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. जिनांनी वकिली केली, हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. गोखले १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलले ते इंग्रजीत, आकडे मांडत. लोक हलाखीत असताना तिजोरीत शिल्लक पडते, म्हणजे कर जास्त आहे, हा त्यांचा मुद्दा. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता, तो १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला. श्रेय एकट्या भाषणाचं नव्हे, पण गोखल्यांनी तो धोशा सोडला नव्हता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं विधेयक मात्र १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. सभागृहात उत्तम युक्तिवादही मतमोजणीत हरतो.

जाता जाता कायद्यातला फरक: संसदेत बोललेल्या शब्दावरून खासदाराला कोर्टात खेचता येत नाही, राज्यघटनेचं १०५ वं कलम आड येतं. विधिमंडळाला १९४ वं. मैदानावर ते कवच नाही.

दोन्हीकडे तितकाच चालणारा माणूस विरळा. बॅरिस्टर नाथ पै त्यातले. वेंगुर्ल्याचे, राजापूरमधून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा खासदार. पक्ष प्रजासमाजवादी, म्हणजे लोकसभेत मूठभर. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९६७ च्या गोलकनाथ निकालात म्हटलं; तो अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचं विधेयक, आणलं. ते मंजूर होण्याआधीच लोकसभा बरखास्त झाली आणि १९७१ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार परत आला. खासगी विधेयक सहसा कागदावरच राहतं, हे माहीत असूनही ते त्यावर झटले. मला त्यांच्या सभांच्या आठवणींपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

अलीकडे गोंधळ वाढलाय तो मोबाइलमुळे. आमदार सभागृहात उभा राहतो, पण बोलतो मतदारसंघातल्या ग्रुपसाठी. आवाज चढलेला, हात वर, प्रश्न नावापुरता. संध्याकाळी कणकवली-कुडाळात फिरणारी क्लिप तो खाली बसतो तिथेच कापलेली असते. मंत्र्याचं उत्तर त्यात नसतं.