सॉलिड की लॅमिनेट? दमट हवेत टिकणारं स्वस्त युकुलेले

वर्णनात नुसतंच 'महोगनी' लिहिलं असेल, तर ते युकुलेले (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) बहुतेक वेळा लॅमिनेटचं, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून बनवलेलं असतं. अखंड लाकूड वापरणारे 'सॉलिड' हा शब्द सहसा गाळत नाहीत. त्यातही 'सॉलिड टॉप' म्हणजे फक्त पुढची पाटी अखंड. पाठ आणि बाजू लॅमिनेटच्या असू शकतात. बाहेरून फरक कळत नाही, कारण लॅमिनेटचा वरचा पापुद्रा खऱ्या महोगनीचाच असू शकतो.

साउंडहोलच्या, म्हणजे पुढच्या पाटीवरच्या भोकाच्या, कडेवर टॉर्च मारून पाहा. लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड. कडेत थर दिसले, मधला वेगळ्या रंगाचा असला, तर लॅमिनेट. कड पट्टीने किंवा रंगाने झाकलेली असेल तर पाठीवरची एखादी ठळक रेघ हेरा आणि आतून त्याच जागी ती सापडते का बघा.

दमट हवेत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. ओलावा शोषल्यावर लाकूड रेषांच्या लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची पाटी चारही बाजूंनी चिकटवलेली. तिला पसरायला जागाच नसते, म्हणून ती वर फुगते. ब्रिज (पाटीवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी) उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डपासून (मानेवरच्या, तारा दाबायच्या पट्टीपासून) दूर जातात, दाबायला जोर लागतो आणि दाबलेला सूर चढा येतो. आतल्या आधारपट्ट्याही सुटू शकतात. लॅमिनेटमध्ये शेजारच्या थरांच्या रेषा काटकोनात असतात, त्यामुळे एका थराची वाढ दुसरा रोखतो. आवाज थोडा बंदिस्त आणि कमी भरदार येतो, हे खरं. पण सॉलिडला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते आणि उष्ण पावसाळी प्रदेशात ती आठवडेच्या आठवडे 80 च्या वर असते. केसमध्ये आर्द्रता राखणारी पाकिटं ठेवली तरी त्यांचा उपयोग केस बंद असेपर्यंतच. वाद्य उघड्यावर राहणार असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: लॅमिनेट घ्या.

लॅमिनेटचाही एक शत्रू आहे, उष्णता. उन्हात बंद गाडीत गोंद मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज मागच्या कडेने सुटायला लागतो. त्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत गेला तर ते वाद्य नको. मग बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या आडव्या उंच पट्ट्या) तारेची उंची मोजा, अडीच ते तीन मिलिमीटर ठीक. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागदाएवढीच फट राहायला हवी. जास्त असेल तर नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत. त्या खोल करता येतात, पण एका वेळी अगदी थोडंच घासा. जास्त खोल गेल्या तर मोकळी तार खरखरते.

समुद्राकाठी लाकडाआधी धातू हार मानतो. स्वस्त खुंट्यांचे उघडे गिअर गंजून अडकतात. महिन्यातून एकदा मशिनच्या तेलाचा एकच थेंब पुरतो. घर्षणावर चालणाऱ्या खुंट्यांवर मात्र तेल अजिबात नको, त्या घसरतील. त्यांचा स्क्रू किंचित आवळायचा. तारा फ्लुरोकार्बनच्या निवडा. नायलॉन ओलावा शोषतं, त्यामुळे हवा बदलली की सूर हलतो.

थेट पावसात किंवा होडीवर न्यायचं असेल तर मात्र लॅमिनेटही नको, प्लास्टिक घ्या. ही कल्पना नवी नाही. गिटार बनवणारे मारिओ माकाफेर्री यांचं प्लास्टिकचं 'आयलँडर' 1949 मध्येच आलं होतं. पाण्याने त्याची बॉडी फुगत नाही. पण फ्रेटही प्लास्टिकचे असतील तर त्यावर धातू गुंडाळलेली तार चढवू नका, ती फ्रेट खाते. आणि तापलेल्या गाडीत तेही ठेवू नका. सततच्या ताणाखाली प्लास्टिकची मान हळूहळू वाकू शकते.