लंडन ड्राय जिन : स्वस्त बाटलीची पारख

जुनिपर या सूचिपर्णी झुडपाच्या फळांचा वास ज्यात पुढे असतो, असे रंगहीन, गोडवा नसलेले मद्य म्हणजे लंडन ड्राय जिन. ती लंडनमध्येच झालेली असावी असे नाही. हे नाव गावाचे नसून कृतीचे आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार तिचा सगळा स्वाद अल्कोहोल आणि वनस्पती एकत्र ऊर्ध्वपातित करूनच, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करूनच, यावा लागतो. मागाहून रंग किंवा अर्क घालता येत नाही, साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. बाटलीवर नुसते ‘जिन’ लिहिले असेल, तर अल्कोहोलमध्ये स्वादद्रव्ये मिसळूनही ती बनवलेली असू शकते. त्यामुळे पारख लेबलापासूनच सुरू होते.

जिन व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षे पिंपात मुरवावी लागत नाही आणि मूळ अल्कोहोल बहुतेक उत्पादक विकतच घेतात. स्वस्त जिनही उत्तम निघू शकते ती यामुळे. घटक आपल्या ओळखीचेच : धने, ज्येष्ठमध, लिंबाची साल, आणि आयुर्वेद ज्याला हपुषा म्हणतो ते जुनिपर. ‘टँकरे’ या ब्रँडमध्ये जुनिपर, धने, अँजेलिका या सुगंधी वनस्पतीचे मूळ आणि ज्येष्ठमध एवढे चारच घटक आहेत, तरी ती भरदार लागते. बाटलीवरच्या वनस्पतींची लांबलचक यादी पाहून भुलू नये, ते यासाठीच. ‘बीफीटर’मध्ये नऊ घटक असतात, ते आधी २४ तास अल्कोहोलमध्ये भिजवतात.

काटकसर होते ती तीव्रतेत. ब्रिटनमध्ये कर अल्कोहोलच्या प्रमाणावर असल्याने कायद्याने लागणाऱ्या किमान ३७.५ टक्क्यांवर थांबणे उत्पादकाला परवडते. ‘गॉर्डन्स’ तिथे १९९२ साली ४० वरून ३७.५ टक्क्यांवर आली. ७०० मिलिलिटरच्या बाटलीत ३७.५ टक्क्यांना २६२.५ मिलिलिटर अल्कोहोल मिळते, ४३ टक्क्यांना ३०१. दोन बाटल्यांच्या किमतींची तुलना हा हिशेब धरूनच करावी. भारतात ४२.८ टक्के सर्रास आढळते. गोव्यात २०१७ पासून बनणारी ‘ग्रेटर दॅन’ ही लंडन ड्राय त्यातलीच.

चव पाहताना बर्फ नको. खोलीच्या तापमानाची थोडी जिन लहान, तोंडाशी निमुळत्या पेल्यात घ्यावी आणि नाक पेल्यात न खुपसता, जरा वर धरून वास घ्यावा. आधी देवदारासारखा, राळेचा वास यावा, मागून धने आणि सालीचा. नेलपॉलिशसारखा वास आला तर मूळ अल्कोहोलच हलक्या प्रतीचे आहे. मग तेवढेच पाणी घालावे. खरी कसोटी इथे लागते : चांगल्या जिनचा वास पाण्याने उलगडतो, कच्च्या जिनचा विरतो आणि जिभेवर नुसती जळजळ उरते. पाण्याने किंचित धूसरपणा आला तर तो दोष समजू नये. अल्कोहोल पातळ झाल्याने वनस्पतींची तेले बाहेर पडलेली असतात. टॉनिक वॉटर हे कडसर सोडापेय सर्वांत शेवटी घालावे, कारण त्यातली साखर आणि क्विनीनचा कडवटपणा बऱ्याच उणिवा झाकतो. एकास तीन प्रमाणात टॉनिक घालूनही जुनिपर ओळखू येत असेल, तर ती बाटली रोजच्या जिन-टॉनिकसाठी खुशाल घ्यावी. जिन आणि व्हर्मूथ या सुगंधी वाइनच्या मार्टिनी कॉकटेलमध्ये मात्र झाकायला काहीच नसते, तिथे ४० टक्क्यांच्या वरचीच वापरावी.