दैनंदिन जीवनातील ईश्वरसान्निध्य

रोजच्या साध्या कामांत, क्षुल्लक वाटणाऱ्या प्रसंगांत आणि माणसांनी एकमेकांना दाखवलेल्या लहानसहान माणुसकीत देव जवळ असल्याची जाणीव होणे, तसेच ती जाणीव टिकावी म्हणून केलेली साधना. साक्षात्कार, समाधी, चमत्कार यांसारख्या अनुभवांपासून ही कल्पना वेगळी काढावी लागते, कारण इथे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसत नाही. दळण दळून होते, भांडी घासून होतात, कोणीतरी कोणाला हात देऊन उठवते आणि दिवस पुढे सरकतो. बहुतेक सर्व ईश्वरवादी परंपरांत ही कल्पना आहे. तिचे ठसठशीत रूप मात्र पंडितांच्या ग्रंथांपेक्षा, ज्यांचे हात दिवसभर कामात अडकलेले होते अशा दासी, माळी, कुंभार, मठातला आचारी यांच्या बोलण्यात सापडते. पूजेला निवांत वेळ नसलेल्यांनी कामातच पूजा शोधली, हा तिच्या इतिहासातला मुख्य धागा म्हणता येईल.

वैचारिक आधार

देव विश्वाच्या पलीकडे आहे की विश्वात भरून आहे, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न. ईशोपनिषदाची सुरुवातच ‘ईशावास्यमिदं सर्वम्’ या शब्दांनी होते: जे जे हलतेचालते ते सारे ईशाने व्यापलेले आहे. कुराणात अल्लाह माणसाला त्याच्या मानेच्या शिरेहूनही जवळ असल्याचे म्हटले आहे (५०:१६). हिब्रू बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याच्या कथेत आधी डोंगर फोडणारा वारा येतो, मग भूकंप, मग अग्नी. देव या तिन्हींत नसतो. त्यानंतर जो अगदी मंद स्वर ऐकू येतो, तो ऐकून एलीया तोंडावर वस्त्र ओढून घेतो.

सर्व काही देवच आहे असे मानणारा सर्वेश्वरवाद आणि देव सर्वांत आहे पण तेवढ्यात संपत नाही असे मानणारी भूमिका, यांत फरक आहे. रोजच्या जीवनात देवाशी बोलणारी, त्याच्यावर रुसणारी, त्याचे आभार मानणारी माणसे बहुधा दुसऱ्या भूमिकेवर उभी असतात. बोलायला समोर कोणीतरी लागतेच.

भगवद्गीतेत या विषयाचे दोन सूर आहेत. नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांतले काहीही भक्तीने दिले तरी मी ते स्वीकारतो, आणि जे करतोस, जे खातोस ते मला अर्पण कर, असे कृष्ण सांगतो. दहाव्या अध्यायातला विभूतिविस्तार मात्र निवडक आणि श्रेष्ठ गोष्टींचा आहे: स्थावरांत हिमालय, नद्यांत गंगा, वृक्षांत अश्वत्थ. ज्ञानेश्वरांनी (ज्ञानेश्वरी, शके १२१२, इ.स. १२९०) याच अध्यायावर भाष्य करताना, ही यादी सुरू होण्याच्या कितीतरी आधी एक ओवी लिहिली आहे: ‘जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत । हा भक्तियोगु निश्चित । जाण माझा ॥’ इथे निवडच उरली नाही. हिमालय गाठायला नको, जो समोर येईल तो. मूळ श्लोकांतली शिखरे टीकाकाराने अशी सपाटीवर आणली, हे मराठी वाचकाने विसरू नये.

कामाच्या जागी देव

वारकरी संतांमध्ये नामदेवांच्या (१२७०–१३५०) घरी दासी असलेल्या जनाबाईचे अभंग या विषयाचा गाभाच म्हणावेत असे आहेत. ‘दळिता कांडिता । तुज गाईन अनंता’ ही ओळ सर्वांना पाठ असते. तिच्याहून अधिक सांगणारा अभंग झाडलोटीचा आहे. ‘झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी ॥ पाटी घेऊनियां शिरीं । नेऊनियां टाकी दुरी ॥’ कामाची वाटणी नीट पाहावी. जनी झाडते, केर भरून पाटी डोक्यावर घेऊन लांब टाकून यायचे काम देवाकडे आहे. देव तिला कामातून सोडवत नाही, तिच्या जागी दुसरी दासी आणून देत नाही. कामाचा जास्त नकोसा भाग स्वतः उचलतो. पुढच्याच ओळीत जनाबाई या कामांना ‘नीच कामें’ म्हणते. काम पवित्र झाले वगैरे ती म्हणत नाही. हलके काम हलकेच राहते, ते करायला सोबती मिळतो.

सावता माळ्यांच्या नावावरचा भाजीच्या मळ्यात विठाबाई पाहणारा अभंग असाच लोकप्रिय आहे. त्यात मिरचीचा उल्लेख येतो. सावता माळी तेराव्या शतकातले आणि मिरची भारतात आली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर, तेव्हा निदान तो शब्द नंतरच्या गाणाऱ्यांनी घातलेला असणार. गाणारा आपल्या मळ्यातले पीक अभंगात लावत गेला, तर ते या अभंगाच्या वृत्तीला धरूनच झाले.

युरोपात याच वृत्तीचा सर्वांत परिचित प्रतिनिधी म्हणजे ब्रदर लॉरेन्स. मूळ नाव निकोला हेर्मां, लॉरेन प्रांतातला. तीस वर्षांच्या युद्धात सैनिक म्हणून लढताना जखमी झाला आणि कायमचा लंगडत राहिला. १६४० मध्ये पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संप्रदायाच्या मठात तो सेवक-बंधू म्हणून दाखल झाला. त्याला काम मिळाले स्वयंपाकघरातले, आणि त्याला त्या कामाची उपजत नावड होती. तरी सुमारे पंधरा वर्षे त्याने ते केले; पुढे तो मठातल्या लोकांची पायताणे दुरुस्त करीत असे. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, चारी बाजूंनी चार जण चार गोष्टी मागत असताना भांड्यांच्या खडखडाटातही वेदीपुढे गुडघे टेकल्यासारखी शांतता असते, असे तो सांगे. देवाच्या प्रेमाखातर जमिनीवरची एक काडी उचलणेही त्याला पुरेसे वाटे. १६९१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्रे आणि संभाषणे छापली गेली.

त्या पत्रांतला एक भाग सहसा उद्धृत होत नाही. पहिली दहा वर्षे आपल्याला फार जड गेली, मन भटकत राहिले आणि आपण वाया गेलो असे वाटत राहिले, अशी कबुली त्याने दिली आहे. त्याचा उपाय साधा होता. मन भटकल्याचे लक्षात आले की स्वतःवर न चिडता परत यायचे. अविलाच्या तेरेसा (१५१५–१५८२) याच संप्रदायातल्या; स्वयंपाकघरात जावे लागले तरी प्रभू तिथल्या भांड्यांमध्येही वावरतो, असे त्यांनी आपल्या मठवासिनींना शंभरएक वर्षे आधी लिहून ठेवले होते.

माणुसकीतून भेट

कामाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व परंपरांनी माणसांमधल्या लहान उपकारांना दिले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, सांगतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिले. आजारी होतो, तुम्ही मला भेटायला आलात. एका प्रसिद्ध हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेने आलेल्या नोंदीत) हेच चित्र उलट बाजूने येते. अल्लाह विचारतो, ‘मी आजारी होतो, तू आला नाहीस.’ तू तर विश्वाचा स्वामी, तुला भेटायला कसा येणार, असे माणूस म्हणतो. त्यावर उत्तर मिळते: अमका आजारी होता, तू गेला असतास तर मी त्याच्यापाशीच सापडलो असतो. दुसऱ्या एका हदीसनुसार श्रद्धेच्या सत्तराहून अधिक शाखा आहेत आणि त्यांतली सर्वांत खालची म्हणजे वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणे. सर्वांत खालची, पण श्रद्धेचीच. ‘जे का रंजले गांजले’ हा तुकारामांचा अभंगही देव कुठे ओळखावा याचा पत्ता देतो: रंजल्यागांजल्यांना जो आपले म्हणतो, त्याच्या ठायी.

मत्तयातल्या कथेचा एक तपशील या संकल्पनेला अडचणीत टाकणारा आहे, आणि म्हणूनच मोलाचा. ज्यांनी सेवा केली त्यांना कळलेच नव्हते. ‘प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले?’ असे ते चकित होऊन विचारतात. म्हणजे सान्निध्य होते, जाणीव नव्हती. गोड अनुभूतीच्या मागे लागलेल्या अध्यात्माला हा चांगलाच चिमटा आहे.

लिझ्यूची तेरेज (१८७३–१८९७) या फ्रान्समधल्या कॅथलिक मठवासिनीने लहान कृतींचा ‘छोटा मार्ग’ मांडला. वयाच्या चोविसाव्या वर्षी क्षयाने ती गेली. शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, कॅथलिक चर्चने तिला ‘धर्माचार्य’ ही दुर्मीळ पदवी दिली. तिच्या आत्मकथनात मोठ्या घटना जवळजवळ नाहीतच. धुण्याच्या जागी समोरची भगिनी कपडे आपटताना घाण पाणी तिच्या तोंडावर उडवते. ती चेहरा पुसायचा, मागे सरायचा मोह आवरते. दुसरी एक भगिनी तिला अजिबात सहन होत नसे. तेरेज तिच्याशी इतकी प्रेमाने हसत राहिली की शेवटी तिनेच विचारले, माझ्यात तुम्हाला एवढे काय आवडते? या हसण्याला दांभिकपणा म्हणायचे की साधना, यावर मतभेद होऊ शकतात. तेरेजच्या दृष्टीने ते त्या भगिनीच्या अंतरात असलेल्या ख्रिस्ताकडे पाहून हसणे होते.

साधनापद्धती

ही जाणीव आपोआप येत नाही, सवयीने येते, यावर परंपरांचे बरेच एकमत दिसते. ज्यू परंपरेत दिवसाला शंभर आशीर्वचने म्हणावीत असे तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात रब्बी (धर्मगुरू) मेइर यांच्या नावे सांगितले आहे. खाण्यापूर्वी, वीज चमकल्यावर, इंद्रधनुष्य दिसल्यावर, अगदी शौचाहून आल्यावरही म्हणायचे वचन आहे; शेवटच्यात शरीरातल्या पोकळ्या आणि छिद्रे वेळेवर उघडली-मिटली याबद्दल आभार मानलेले असतात. देहाच्या इतक्या साध्या व्यवहाराला प्रार्थनेत जागा देणारे धर्मशास्त्र घरगुती शहाणपणाचे म्हटले पाहिजे. अठराव्या शतकात बाल शेम टोव्ह यांच्यापासून वाढलेल्या हसीदी पंथाने खाणे, पिणे, व्यापार यांतूनही देवाची सेवा करता येते ही शिकवण आणखी पुढे नेली.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिवसातून दोनदा करायची आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली. आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार, मग दिवस नीट दिसावा म्हणून याचना, मग उठल्यापासून तासातासाने झालेले आठवणे, चुकांबद्दल क्षमा आणि पुढचा निश्चय. क्रम महत्त्वाचा आहे: चुका आठवण्याआधी आभार येतात. मानसशास्त्रात २००३ मध्ये एमन्स आणि मॅकल्लो यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कृतज्ञ वाटावे अशा गोष्टींची नियमित नोंद करणाऱ्यांनी अडचणींची नोंद करणाऱ्यांपेक्षा अधिक समाधान नोंदवले. आभार कोणाचे मानायचे, हा प्रश्न तिथे घेतलेला नव्हता. साधकाला नेमका तोच महत्त्वाचा असतो.

आक्षेप

पहिला आक्षेप निवडीचा. वेळेवर मिळालेली मदत देवाची, असे म्हणणारा न मिळालेली मदत मोजत नाही. मन अनुकूल पुरावे लक्षात ठेवते आणि उरलेले विसरते. यालाच जोडून दुःखाचा प्रश्न येतो: पडता पडता वाचलेल्याने देवाचे आभार मानले, तर शेजारी जो पडला त्याने काय म्हणावे? गंभीर साधकांनी यावर दिलेले उत्तर असे की सान्निध्य म्हणजे कृपेची पावती समजू नये. शुष्क काळातही सोबत असते, ती जाणवत नाही इतकेच. हे उत्तर श्रद्धा असलेल्याला पुरते. नसलेल्याला ते प्रश्न टाळल्यासारखे वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. झाडलोटीत देव दिसतो असे झाडणाऱ्याने म्हणणे वेगळे आणि झाडायला लावणाऱ्याने म्हणणे वेगळे. कष्टांचे दैवतीकरण करून कष्टकऱ्याला जागच्या जागी ठेवण्यासाठी संतवचने वापरली गेली आहेत. जनाबाईचे शब्द पुरते वाचले तर त्यांचा असा वापर करता येत नाही, कारण तिच्या अभंगात धन्याने पाटी उचललेली आहे.

तिसरा आक्षेप धर्माच्या आतूनच आला आहे: देवाच्या अनुभूतीत रमलेल्याचे समोरच्या माणसाकडे लक्ष राहत नाही. मार्टिन बुबर (१८७८–१९६५) या ज्यू तत्त्वज्ञाने तरुणपणी रोजच्या जगण्याबाहेरच्या उत्कट धार्मिक क्षणांना फार मोल दिले होते. अशाच एका भारलेल्या सकाळीनंतर एक अनोळखी तरुण त्यांना भेटायला आला. बुबर त्याच्याशी आपुलकीने, मोकळेपणाने बोलले; त्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली. मन मात्र तिथे नव्हते, त्यामुळे त्याने न विचारलेले प्रश्न त्यांना ओळखता आले नाहीत. काही काळाने त्या तरुणाच्या मित्राकडून त्यांना कळले की तो आता हयात नाही, आणि त्या दिवशी तो सहज गप्पा मारायला नव्हे, एक निर्णय घ्यायला आला होता. अपवादात्मक क्षणांतल्या ‘धार्मिक’ अनुभवाचा शोध आपण तेव्हापासून सोडून दिला, असे बुबर यांनी पुढे लिहिले.