कढीपत्त्यावरची अळी आणि फुलपाखराचा रंग

आमच्याकडून कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप नेलेल्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे, कारण पावसाळा लागला की फोन सुरू होतात, "पानं कुरतडलीत, वर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलंय, कुठलं औषध मारू?" थांबा, काही मारू नका. ती बहुतेक कॉमन मॉरमॉन नाहीतर लाइम फुलपाखराची अळी असते, लहान असताना तशी दिसते म्हणून पक्षी फसतात आणि मोठी होऊन शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार होते.

तो हिरवा रंग म्हणजे पानाचा हिरवा अंगात उतरला असं नाही बरं का. अळी निळसर बिलिन नावाचं द्रव्य स्वतः बनवते, पिवळं कॅरोटिनॉइड मात्र तिला पानातूनच मिळतं आणि दोन्ही मिळून हिरवं दिसतं, रंगपेटीतला निळा-पिवळा कालवल्यावर होतं अगदी तसं.

पंखांची गोष्ट वेगळी. फुलपाखराला हात लावला की बोटाला पावडर लागते ना, ते त्याचे खवले, कौलांसारखे एकावर एक रचलेले. एक खवला म्हणजे एका पेशीचं काम आणि साधारण एका खवल्याला एकच रंग, म्हणजे आपल्याला जो पट्टा किंवा ठिपका दिसतो तो रांगोळीसारखा, भिंगाखाली बघितलं तर नुसते सुटे कण! काळा आणि गडद तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा, जे आपल्या केसांतही असतं. रुईवर येणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या कुळात केशरी-तांबडा ओमोक्रोम या रंगद्रव्याचा असतो. बहाव्यावरच्या पिवळ्या फुलपाखरांत टेरिन असतं, ते युरिक ॲसिडच्या जवळचं, ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी 19व्या शतकाच्या शेवटी यावर काम केलं होतं, ज्यांना पुढे 1929 साली व्हिटॅमिनच्या कामासाठी नोबेल मिळालं. लिंबावरच्या लाइम फुलपाखराच्या कुळात फिका पिवळा पॅपिलिओक्रोम या रंगद्रव्याचा. आणि निळा? तो बहुतेक वेळा रंगद्रव्याचा नसतोच, खवल्याच्या बारीक रचनेवर उजेड पडून तसा दिसतो.

हे सगळं कोशात घडतं. कुठल्या पेशीने कुठला रंग करायचा हे जनुकं आधी ठरवतात, मग लाइम आणि मॉरमॉनच्या कुळात फिके रंग आधी भरतात आणि काळा शेवटी. म्हणून कोश बरेच दिवस जसाच्या तसा दिसतो आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत अचानक काळवंडतो, लोकांना वाटतं सडला आणि काढून टाकतात, प्लीज असं करू नका! नीट बघा, सालीतून काळा पंख आणि त्यावरचे फिके डाग चक्क दिसतात, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून बघा.

कॉमन मॉरमॉनची एक गंमत सांगतोच. नर काळा, मागच्या पंखावर पांढरा पट्टा. काही माद्या तशाच, पण काही हुबेहूब विषारी कॉमन रोज फुलपाखरासारख्या, लाल ठिपक्यांसकट. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की हा सगळा बदल डबलसेक्स या एका जनुकावर चालतो, तेच जनुक जे कीटकांत नर-मादी घडवतं. म्हणजे तुमच्या एकाच कुंडीतून दोन वेगळ्या रूपांच्या माद्या निघू शकतात.

तर काय करायचं? रोप फूटभरच असेल तर एक-दोन अळ्या ठेवा, बाकीच्या ओळखीच्यांच्या मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर सोडा. फवारणी नको, निमतेलाचीही नको. पानं खाल्ली तरी कढीपत्ता परत फुटतो, आणि अगदीच बोडका झाला तर कुंडीसकट घेऊन या, आम्ही छाटून, खत घालून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.