विरजण लागायला रात्र जातेच

"कल्चरचा रिपोर्ट परवा येईल," असं सिस्टर म्हणाल्या आणि माझं डोकंच फिरलं. पोरगी दोन वर्षांची, तीन दिवस ताप १०३ च्या खाली यायला तयार नाही, सर्दी नाही खोकला नाही, नुसत्या उलट्या, म्हणून सांगलीहून मिरजेला आणून ॲडमिट केलेली, हाताला सुई लावताना तिने अख्खा मजला डोक्यावर घेतलेला, आणि हे म्हणतात परवा. मोबाईलवर दहा मिनिटात भडंग घरी येतो आणि लघवीचा रिपोर्ट यायला दोन दिवस?

रक्ताचे रिपोर्ट तर दोन तासात आले होते. त्यात सीआरपी बराच वाढलेला. हे सीआरपी म्हणजे लिव्हर बनवतं असं एक प्रोटीन, १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलेलं. शरीरात कुठंही जोराची सूज आली की काही तासात ते चढायला लागतं. पण त्याचं काम दारातल्या कुत्र्यासारखं आहे, कुणीतरी शिरलंय एवढं भुंकून सांगतं, कोण शिरलंय ते नाही. साध्या लघवीच्या तपासणीत पस सेल, म्हणजे पुवाच्या पेशी, भरपूर होत्या म्हणून संशय तिकडे गेला आणि मग कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू ओळखायची तपासणी.

ते सँपल घेणं हा एक वेगळाच प्रकार असतो. एवढ्या लहान पोराला "बाळा, डबीत कर" म्हणून होत नाही, पिशवी चिकटवली तर कातडीवरचे जंतू त्यात उतरतात आणि रिपोर्टचा घोटाळा होतो, म्हणून बारीक नळी घालून घेतलं. बायको बाहेर जाऊन उभी राहिली, मी पोरीचे पाय दाबून धरले. त्यावर जास्त लिहीत नाही.

मग डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरी कुठलं अँटिबायोटिक दिलंय का?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. दिलं होतं. मागच्या वेळचं सेफिक्झिमचं सिरप फ्रीजच्या दारात अर्धं उरलं होतं, आई म्हणाली देऊन बघ, मी दोन डोस दिले. खरं तर ते पाणी घातल्यावर थोडेच दिवस टिकतं, आणि ती बाटली कधीची होती देव जाणे. मॅडम चिडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की अँटिबायोटिक पोटात गेल्यावर घेतलेल्या सँपलमध्ये कधी कधी जंतू उगवतच नाहीत, म्हणजे आजार असतो आणि रिपोर्ट कोरा येतो. पुढचे दोन दिवस मला पोरीच्या तापाइतकाच या वाक्याचा घोर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी राहवेना म्हणून खाली लॅबमध्ये गेलो. तिथला टेक्निशियन बरा माणूस निघाला. मी म्हटलं, काय ओ, एवढी मशीनं आहेत आणि दोन दिवस कशाला? तो म्हणाला, "घरी विरजण लावता तेव्हा दर तासाला उघडून बघता का?"

आणि खरंच कल्चर म्हणजे विरजणच की. लघवीच्या एका थेंबात जंतू असले तरी मायक्रोस्कोपखाली बघून ते कुठले आणि कुठल्या औषधाला मरतात ते सांगता येत नाही, त्यासाठी त्यांना खायला घालून वाढवावं लागतं. थंडीत आई दह्याचं भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवते तसं इथं ३५-३७ डिग्रीच्या कपाटात बशी ठेवतात. या बशीत जे घट्ट जेलीसारखं असतं ते अगर, आपल्या वाण्याकडं चायना ग्रास म्हणून मिळतं ना, तीच समुद्री शेवाळाची वस्तू. जर्मनीत जंतूंचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये आधी जिलेटिन वापरायचे, ते गरमीत वितळायचं आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. १८८१ मध्ये तिथल्या एका संशोधकाच्या बायकोने, फॅनी हेसे तिचं नाव, सांगितलं की मी जेली करायला अगर वापरते ते उन्हाळ्यातही टिकतं, ते घेऊन बघा. पुढच्या वर्षी कॉखने टीबीच्या पेपरात अगरचा उल्लेख केला, हिचा नाही केला. स्वयंपाकघरातल्या अकलेचं श्रेय कोण देतंय म्हणा.

तर त्या अगरवर एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, लघवी तारेच्या बारीक कडीने पसरवतात. त्यातला एकेक जंतू जिथं पडला तिथंच दुप्पट होत जातो. चांगलं खायला मिळालं तर ई. कोलाय, म्हणजे लघवीच्या त्रासात सर्रास सापडणारा जंतू, साधारण वीस मिनिटाला दुप्पट होतो, एकाचे तासात आठ, आठ तासात १ कोटी ६७ लाख, तेव्हा कुठं डोळ्याला ठिपका दिसतो. प्रत्यक्षात वेग पुढं पुढं कमी होतो म्हणून रात्र धरायची. ठिपके मोजायचे आणि हजाराने गुणायचं. शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरमागे एक लाख जंतू, आणि रिपोर्टवर जो "एक लाख" आकडा असतो तो असा येतो.

त्याने झाकण न काढता आमची बशी दाखवली. गुलाबी ठिपकेच ठिपके. मला एवढं हायसं वाटलं की विचारू नका, पोरीच्या लघवीत जंतू उगवले म्हणून खूश होणारा बाप मीच असेन. गुलाबी का, तर त्या जेलीत दुधातली साखर आणि एक रंग घातलेला असतो, ही साखर खाऊन आंबट करणारे जंतू गुलाबी होतात. दह्याचे जंतूही हीच साखर खातात, ते आपले पाहुणे आणि हे चोर एवढाच फरक. चोर तरी कसले, हे ई. कोलाय सगळ्यांच्या आतड्यात असतात. १८८५ मध्ये एशरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाने बाळांच्या शीमध्येच ते शोधले. आतड्यात गप असतात, लघवीच्या वाटेत शिरले की दंगा. मुलींची ती वाट आखूड म्हणून त्यांना हा त्रास जास्त.

पण हा अजून निम्माच रिपोर्ट. आता हे ठिपके उचलून दुसऱ्या बशीवर पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि परत एक रात्र. ज्या टिकलीभोवती पुरेसं मोठं रिकामं वर्तुळ पडतं ते औषध चालतं. नवीन मशीनं आहेत, काही तास वाचतात, पण जंतू आधी उगवावा लागतो तो लागतोच.

तोवर पोरीला सेफ्ट्रियाक्झोन नावाचं अँटिबायोटिक चालूच होतं, कारण जंतू किडनीपर्यंत गेला तर तिथं कायमचे व्रण राहू शकतात, तेव्हा रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत, अंदाजाने सुरू करतात आणि नंतर बदलतात. आम्हाला बदलावं लागलं. दोन दिवस झाले तरी ताप १०२, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्टवर ईएसबीएल. म्हणजे हा जंतू असं एन्झाइम बनवतो जे सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोनच्या जातीच्या औषधातलं चार कोनांचं रिंगणच तोडून टाकतं. ही हुशारी नवीन नाही बरं का, पेनिसिलीन तोडणारं एन्झाइम १९४० मध्येच सापडलं होतं आणि ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलीनचे उपचार सुरू झाले १९४१ मध्ये. तोडणारा आधीच तयार होता. आपण अर्धवट बाटल्या वापरून त्याचीच फौज वाढवतोय.

रिपोर्टमध्ये ॲमिकासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकपुढे एस होतं, म्हणजे ते या जंतूवर चालतं. वजन ११ किलो, त्या हिशोबाने दिवसातून एकदा, सोबत किडनीची रक्ततपासणी, कारण ते औषध किडनीला आणि कानाला जपून द्यावं लागतं. दुसऱ्या रात्री ताप उतरला, पोरगी पहाटे चारला उठून बिस्किट मागायला लागली आणि सगळ्या वॉर्डला जागं केलं, कुणीच काही बोललं नाही.

घरी आल्यावर आईला रिपोर्ट वाचून दाखवला. सेफिक्झिमपुढे आर, म्हणजे चालत नाही, म्हणजेच मी दिलेल्या त्या दोन डोसनी जंतूला काहीच झालं नव्हतं, म्हणूनच तो बशीत एवढा जोरात उगवला.

आई म्हणाली, "म्हणजे तुझं औषध लागलंच नाही की. बरं झालं."