एकाच धक्क्यात एक बेट वर, एक खाली

ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंट. तिथला दीपस्तंभ 26 डिसेंबर 2004 च्या सकाळपर्यंत कोरड्या जमिनीवर उभा होता. नंतर त्याचा पाया समुद्रात गेला. लाटांनी किनारा कापला म्हणून नव्हे, तर जमीनच 4 मीटरहून अधिक खाली बसली म्हणून. गंमत अशी, की त्याच भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर वर उचलला गेला. तिथलं पोवळं पाण्याबाहेर आलं आणि उन्हात वाळून मेलं.

एकाच भूकंपाने दोन उलट गोष्टी कशा केल्या?

गादीखाली फळी सरकवून बघा. गादीची कड फळीला अडकली, तर फळीबरोबर ती खाली आणि आत ओढली जाते आणि मागे गादी फुगते. कड सुटली की टपकन वर उसळते, मागचा फुगवटा बसतो. अंदमान-निकोबारच्या पश्चिमेला समुद्रतळाशी खोल खंदक आहे. तिथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या बर्मा भूपट्टाखाली घुसतो, वर्षाला काही सेंटिमीटर. म्हणजे आपली फळी आणि त्यांची गादी. ही कड कित्येक वर्षं अडकून बसते. सुटली की खंदकाजवळचा भाग उसळतो आणि लांबचा भाग खचतो.

त्या सकाळी भारतीय वेळेनुसार 6 वाजून 28 मिनिटांनी सुमात्राजवळ ही कड सुटायला लागली आणि चीर उत्तरेकडे फाटत गेली. सुमारे 10 मिनिटांत 1,200 किलोमीटरहून जास्त! मुंबई-दिल्ली हवाई अंतरापेक्षाही लांब. तीव्रता 9.1. आपल्या किल्लारीचा 1993 चा भूकंप 6.2 चा होता, पण आकडे फसवे असतात: ऊर्जेच्या हिशेबात अंदमानचा धक्का त्याच्या सुमारे 20 हजार पट. शिवाय किल्लारी भूपट्टाच्या पोटात आहे, सीमेवर नाही. तिथलं गणित वेगळं.

त्सुनामी त्या उसळलेल्या कडेचीच. समुद्रतळ वर आला, वरचं पाणी उचललं गेलं आणि चहूकडे धावलं. सुमात्राजवळच्या सिमेलुए बेटावरच्या लोकांनी 1907 च्या लाटेची आठवण 'स्मोंग' या एका शब्दात जपली होती. जमीन हादरली आणि पाणी ओसरलं की डोंगर गाठायचा. ते पळाले, बेटावर जेमतेम काही जण दगावले. यंत्रणांची गोष्ट त्यानंतरची. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र 2007 मध्ये सुरू झालं.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, खंदकापासून जरा लांब. ते सुमारे मीटरभर खचलं. जवळच्या सिप्पीघाटात भाताच्या खाचरांत भरतीचं खारं पाणी शिरलं. लाट ओसरून गेली, तरी हे पाणी भरतीबरोबर येतच राहिलं, कारण खाचरांची पातळीच समुद्राइतकी झाली होती.