नवोदित ग्रंथपालांसाठी परिषद अनुदान आणि समितीतलं काम: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

ग्रंथालयशास्त्राची पदवी मिळाली, पहिली नोकरी लागली, की रोजच्या देवघेवीत आणि तालिकीकरणात (पुस्तकांच्या नोंदी करण्यात) वर्षं भराभर जातात. व्यावसायिक संघटना, परिषदा, समित्या हे सगळं ज्येष्ठांचं काम, असा समज तोवर पक्का होऊन बसतो. तो खोडून काढायला हवा. कित्येक संघटना प्रवास अनुदान, नोंदणी शुल्कात सूट, मार्गदर्शक मिळवून देण्याच्या योजना आणि समित्यांमधल्या जागा खास नव्या लोकांसाठी ठेवतात. तिथे पोचायचा रस्ता अर्जातून जातो, आणि चांगलं काम करणाऱ्यांचेही अर्ज टाळता येण्याजोग्या चुकांवर अडकतात.

जागतिक पातळीवरची मुख्य संघटना म्हणजे इफ्ला, म्हणजेच ग्रंथालय संघटना आणि संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. १९२७ साली एडिनबर्गमध्ये स्थापन झालेल्या या महासंघाचं कार्यालय द हेग इथे आहे. नव्या व्यावसायिकांचा गट इफ्लात २००४ पासून काम करतो. अशा विशेष गटांत शिरायला निवडणूक लढवावी लागत नाही. वेबिनारचं नियोजन, भाषांतर, सत्राचं टिपण अशी कामं मागून घेता येतात. सुरुवात इथूनच करावी, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात दाखवण्यासारखं काम इथे तयार होतं.

पात्रता

‘नवोदित’ कोणाला म्हणायचं याची एकच व्याख्या नाही. काही योजना विद्यार्थ्यांपासून मोजतात, काही पदवीनंतरची ठरावीक वर्षं धरतात, काही पहिल्या नोकरीपासून. म्हणून सूचना वाचताना आधी हे शोधा: वर्षं कोणत्या तारखेपासून मोजायची, आणि कोणत्या तारखेपर्यंत? अर्जाची शेवटची तारीख आणि परिषदेची तारीख यांत सहा-आठ महिन्यांचं अंतर असू शकतं, आणि तेवढ्यात माणूस अटीबाहेर जातो.

अर्धवेळ नोकरी केली असेल तर ती पूर्णवेळच्या महिन्यांत बदलून लिहा. आठवड्याला निम्मे तास याप्रमाणे दोन वर्षं काम म्हणजे बारा महिन्यांचा अनुभव. बाळंतपण, आजारपण किंवा घरच्या जबाबदारीमुळे मध्ये खंड पडला असेल तर तो लपवू नका. एका ओळीत कारण आणि कालावधी द्या. बऱ्याच योजनांत एवढा काळ वगळून मोजतात, पण त्यासाठी तो अर्जात दिसायला हवा.

सभासदत्वाची अटही तपासा. वैयक्तिक सभासदत्व लागतं, की तुमची संस्था सभासद असली तरी चालतं? संस्था सभासद आहे हे तिथल्या कर्मचाऱ्यांनाच ठाऊक नसतं, असं सर्रास आढळतं. लेखा विभागात विचारून सभासद क्रमांक मिळवून ठेवावा.

कागदपत्रं

साधारणपणे लागतात ती अशी: पदवीचं प्रमाणपत्र (विद्यार्थी असल्यास चालू वर्षाचा दाखला), दोन पानांत बसणारा कार्यपरिचय (सीव्ही), संस्थेचं अनुभव प्रमाणपत्र, एक किंवा दोन शिफारसपत्रं, निवेदन, खर्चाचा अंदाज, प्रमुखांचं ना हरकत पत्र आणि पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत.

पदवीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं, ही नेहमीची अडचण आहे. नावबदलाचा पुरावा त्याच फाइलमध्ये जोडा आणि अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव वापरा. निमंत्रणपत्र आणि तिकीट त्याच नावाने निघतं. कागद वेगळ्या भाषेत असेल तर अधिकृत भाषांतर लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करावं. फाइलींना आडनाव आणि कागदाचा प्रकार अशी नावं द्या. ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’ अशा नावांच्या फाइली तपासणाऱ्याला प्रत्येक वेळी उघडून बघाव्या लागतात.

शिफारसपत्रावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. ‘अर्जदार मेहनती, प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहे’ एवढ्याने निवड समितीला काहीच कळत नाही. पत्र देणाऱ्याला किमान तीन-चार आठवडे आधी विचारा आणि सोबत एक पान द्या: योजनेचं नाव, तिचे निकष, तुम्ही केलेली दोन-तीन ठळक कामं, पत्र कुठे आणि कधीपर्यंत पोचायला हवं. मोठ्या पदावरच्या पण तुमचं काम न पाहिलेल्या व्यक्तीपेक्षा रोज सोबत काम करणाऱ्या वरिष्ठाचं पत्र वजनदार ठरतं. पत्र संस्थेच्या छापील कागदावर हवं, त्यावर तारीख आणि सही हवी.

निवेदन

‘मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे’ या वाक्याने निवेदन सुरू करू नका. आवड खरी असेलच, पण प्रत्येक अर्जदाराला ती असते. पहिल्या परिच्छेदात तुमच्या ग्रंथालयातला एक नेमका प्रश्न मांडा. उदाहरणार्थ, जुन्या नियतकालिकांच्या नोंदी कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत आणल्या, पण विषयशीर्षकं एकसारखी नसल्याने वाचकांना अंक सापडत नाहीत. दुसऱ्यात तुम्ही काय केलंत: किती नोंदी तपासल्या, कोणती पद्धत ठरवली, काय जमलं नाही. तिसऱ्यात या परिषदेतलं कोणतं सत्र त्या प्रश्नाशी जुळतं. शेवटी, परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काय कराल: कोणाला शिकवाल, काय लिहून ठेवाल. हा शेवटचा भाग बहुतेकजण एका ओळीत उरकतात. पण अनुदान देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, कारण एका माणसाच्या प्रवासातून दहा जणांना काय मिळणार हे तिथे दिसतं.

शब्दमर्यादा पाळा. ५०० म्हटलं असेल तर ऑनलाइन फॉर्म पुढचा मजकूर कापून टाकू शकतो, आणि कापला जातो तो हाच भाग.

निबंध सादर करायचा असेल तर

गोषवारा त्या सत्राच्या आवाहनाला धरून लिहा. जुनाच तयार गोषवारा पाठवला की तो लगेच ओळखू येतो. इफ्लाच्या जागतिक परिषदेत निबंध स्वीकारला गेला म्हणजे खर्च मिळाला असं नाही. नोंदणी, प्रवास, निवास सादरकर्त्याने स्वतः बघायचं असतं, त्यामुळे अनुदानाचा अर्ज वेगळा आणि वेळेत करावा. निबंध ‘सीसी बाय ४.०’ परवान्याखाली खुला होतो, म्हणजे नाव देऊन कोणीही तो पुन्हा वापरू शकतो. संस्थेची आकडेवारी किंवा छायाचित्रं वापरली असतील तर लेखी परवानगी आधीच घ्या.

मुदत, पैसे, व्हिसा

शेवटच्या तारखेची वेळ कोणत्या देशाची आहे ते पाहा आणि एक दिवस आधी अर्ज पाठवा. द हेगची वेळ हिवाळ्यात जागतिक प्रमाणवेळेच्या एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास पुढे असते.

अनुदान आगाऊ मिळणार की खर्च झाल्यावर, हे स्पष्ट विचारा. नंतर मिळणार असेल तर तोवरची रक्कम कुठून उभी करायची, याची सोय आधी हवी. मूळ पावत्या आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.

निमंत्रणपत्र व्हिसासाठी असतं. ते आर्थिक मदतीचं आश्वासन नव्हे. परिषद शेंगेन गटातल्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) देशात असेल तर पासपोर्ट परतीच्या ठरलेल्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला लागतो, शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ पर्यंतही लागू शकतात. अनुदानाच्या निकालाची वाट बघत बसलात तर हा वेळ उरत नाही.

समितीत जाण्यासाठी

इफ्लाच्या विभागांच्या स्थायी समित्यांची निवड दर दोन वर्षांनी, विषम वर्षांत होते. मुदत चार वर्षांची असते आणि सलग दोनदा राहता येतं. नाव सुचवणारा लागतो, म्हणून आपल्या देशातल्या संघटनेशी वर्षभर आधी बोलून ठेवा. उमेदवाराच्या निवेदनात पदांची यादी देण्यापेक्षा समितीसाठी कोणतं काम आणि महिन्याला किती तास कराल ते लिहा.

ग्रंथालयप्रमुखांनाही इथे काही करायचं आहे. ना हरकत पत्र फाइलीत आठवडाभर पडून राहिलं की नव्या सहकाऱ्याची ती संधी जाते, आणि पुढच्या वर्षी तो कदाचित अटीत बसत नाही. पत्राचा मसुदा तयार ठेवा, परिषदेचे दिवस कामाचे धरा. अशा योजना चालवणाऱ्या संघटनांनी पहिल्या टप्प्यावर फक्त निवेदन आणि कार्यपरिचय मागावा. प्रमाणित प्रती निवड झालेल्यांकडूनच घ्याव्यात. भाषांतर आणि साक्षांकनाचा खर्च सगळ्यांवर लादला की नेमके कमी पगारावरचे नवे लोक गळतात.

अर्ज नाकारला गेला तर दोन ओळींचं पत्र लिहून कोणता निकष कमी पडला ते विचारा. उत्तर आलं तर ते निवेदनाच्या फाइलीतच जोडून ठेवा, म्हणजे पुढच्या फेरीत दुरुस्ती नेमकी कुठे करायची ते शोधावं लागणार नाही.